गिअरबॉक्स उतरवण्याआधी : जुन्या गाडीचा क्लच घरच्या अंगणात कसा तपासायचा

'क्लच गेलाय' म्हणून जी गाडी येते तिचा क्लच गेलेला असतोच असं नाही. कधी वायर ताणलेली असते, कधी इंजिन धरणारं रबरी माउंटिंग तुटलेलं, आणि कधी पेडलच्या खाली दोन मॅट एकमेकांवर टाकलेल्या असतात. पण 'क्लच गेला' हे एकदा गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसलं आणि मिस्त्रीही घाईत असला की गिअरबॉक्स खाली येतो. प्लेट खराब निघो न निघो, उतरवायची-चढवायची मजुरी तेवढीच लागते.

माझं गॅरेज चिपळूणला. येणाऱ्या गाड्या जुन्या : मारुती आठशे, ओम्नी, झेन, सुरुवातीच्या वॅगन आर, सँट्रो, अधूनमधून सुमो आणि बोलेरो. आठशेचं उत्पादन 2014 साली थांबलं, पण कोकणात ती अजून भरपूर आहे. एका अंगाला कुंभार्ली, दुसऱ्या अंगाला परशुराम घाट, त्यामुळे क्लचचं दुखणं इथे लपून राहत नाही. सपाटीवर आणखी चार-सहा महिने रेटली असती अशी प्लेट कुंभार्लीच्या चढाला लागली की वास सोडते.

खाली जे सांगतोय त्याला हत्यार जवळजवळ लागत नाही. एक पट्टी, एक टॉर्च, मोकळी जागा आणि मदतीला एक माणूस. हे करून मग गॅरेजला या, म्हणजे काय दुरुस्त करायचं यावर बोलता येतं.

वायरची गाडी की ऑइलची?

पहिलं हे ठरवा, कारण पुढची निम्मी तपासणी त्यावर अवलंबून आहे. आठशे, ओम्नी, झेन, जुनी अल्टो, वॅगन आर, सँट्रो या वायरच्या गाड्या : पेडलला अडकवलेली क्लच वायर थेट गिअरबॉक्सवरच्या लिव्हरला जाते. सुमो, बोलेरो या ऑइलच्या : पेडल मास्टर सिलिंडर दाबतं, पाइपातून दाब जातो आणि गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा आतला दांडा, ढकलतो. आपली कुठली हे कळत नसेल तर बॉनेट उघडून गिअरबॉक्सच्या लिव्हरपाशी टॉर्च मारा. तिथे टोकाला आटे आणि नट असलेली वायर दिसली तर वायरची. रबरी बूट घातलेला छोटा सिलिंडर दिसला तर ऑइलची.

आत काय चालतं ते थोडक्यात. फ्लायव्हील इंजिनाबरोबर फिरतं. त्याला बोल्टनी बसवलेली प्रेशर प्लेट मधल्या क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते, आणि ती क्लच प्लेट गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवते. तुम्ही पेडल दाबलंत की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं आत दाबतं, प्लेट सुटी होते. म्हणजे क्लचला विचारायचे प्रश्न तीनच. पूर्ण धरतो का? पूर्ण सोडतो का? आणि धरता-सोडताना कुरकुर किंवा थरथर करतो का?

गिऱ्हाईक मात्र या भाषेत बोलत नाही. तो म्हणतो, 'भाऊ, पिकअप नाय.' त्यावर माझा पहिला प्रश्न असतो, इंजिन ओरडतं का? ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही, तर क्लच घसरतोय. आवाजही चढत नाही आणि गाडीही जात नाही, तर क्लचला हात लावू नका. एअर फिल्टर, पेट्रोलची लाइन, प्लग, नाहीतर जाम झालेला ब्रेक बघा. आठशेच्या बहुतेक मॉडेलांत आरपीएमचा काटा नसतोच, तेव्हा हे कानानेच ठरवायचं.

पेडलचा प्ले : सगळ्यात आधी हे

वायरच्या गाडीत यापेक्षा महत्त्वाची तपासणी नाही, आणि हीच सगळ्यात कमी केली जाते.

इंजिन बंद. दार उघडून खाली बसा आणि क्लचचं पेडल हाताने दाबा. पायाने नाही, पायाला हा फरक कळत नाही. सुरुवातीला पेडल अगदी हलकं, नुसतं सैल जाईल, मग एका जागी जड लागेल. ते हलकं अंतर म्हणजे फ्री प्ले. पेडलशेजारी पट्टी धरून मोजा. मारुतीच्या या छोट्या गाड्यांत ढोबळमानाने 15 ते 25 मिलिमीटर असावा. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तकात बघा, पुस्तक डिकीत किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये कुठेतरी असतंच. गिअरबॉक्सच्या लिव्हरपाशी हाच प्ले दोन-चार मिलिमीटरच दिसतो.

प्ले अजिबात नसेल तर बेअरिंग कायम प्रेशर प्लेटला टेकलेलं राहतं. क्लच पूर्ण धरत नाही, घसरतो, तापतो, आणि बेअरिंगही झिजतं. प्ले फार असेल तर उलट : पेडल तळाला टेकलं तरी क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरखरतो. दोन्ही तक्रारी आटे साफ करून, थोडं गंज सोडवणारं ऑइल मारून, नट चार फेरे इकडेतिकडे केला की सुटू शकतात. फुकटचं काम आहे.

आता यातली मेख. प्लेट झिजत जाते तसा प्ले कमी होत जातो. वायर ताणत जाते तसा प्ले वाढत जातो. दोन्ही एकदम चालू असलं की प्ले बरोबर दिसतो आणि प्लेट मात्र संपत आलेली असते. म्हणून प्ले मोजून थांबू नका, वायरच्या टोकाचे आटे बघा. प्ले मिळावा म्हणून नट सोडत सोडत पार शेवटच्या आट्यावर आणलेला असेल तर प्लेट संपत आली आहे. उलट नट आवळत आवळत आत शेवटापर्यंत गेला असेल, बाहेर नुसते आटे लोंबत असतील, तर वायर ताणली आहे किंवा फोर्क झिजलाय. गाडीचा मागचा इतिहास कुणी सांगो न सांगो, आटे सांगतात. सेकंडहँड गाडी घेताना मी तरी सगळ्यात आधी तिथे टॉर्च मारतो.

आणि हो, मॅट. पेडल तळापर्यंत जातंय ना ते हाताने चाचपून बघा. हल्ली जाड नूडल मॅट मूळ कार्पेटवर टाकतात, वर पावसाळ्यात वर्तमानपत्रं. एवढ्या थरावर पेडल टेकलं की क्लच पुरता सुटत नाही, आणि माणूस गिअरबॉक्सला शिव्या घालतो.

घसरतोय का?

घसरणं आधी वरच्या गिअरमध्ये आणि चढावर दिसतं, कारण तिथे प्लेटवर भार जास्त. इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या, सरळ रस्त्यावर टॉप गिअरमध्ये 40 च्या आसपास चालवा आणि ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. आवाज आणि वेग हळूहळू बरोबरीने चढले पाहिजेत. आवाज एकदम वर जाऊन गाडी मागाहून येत असेल, वर जळका, ब्रेकच्या लायनिंगसारखा उग्र वास असेल, तर निदान झालं.

रस्त्यावर जाणं शक्य नसेल तर अंगणातली परीक्षा अशी. समोर मोकळी जागा, पुढे-मागे माणूस नाही, चाकांना लाकडी ओंडके. हँडब्रेक ओढा, उजव्या पायाने ब्रेक घट्ट दाबा. इंजिन नुसत्या आयडलवर, गिअर चौथा, आणि क्लच नेहमीसारखा सोडा. इंजिन गचका खाऊन तिथल्या तिथे बंद पडलं पाहिजे. रेंगाळत बंद पडलं तर क्लच अशक्त. चालूच राहिलं तर क्लच नावालाच आहे. हे एकदाच करायचं. शेजाऱ्यांना दाखवायला परत परत केलंत तर चांगली प्लेटसुद्धा जाळाल. आणि या परीक्षेत पास झाली म्हणून प्लेट निर्दोष ठरत नाही. थोडं घसरणं चढावरच कळतं.

क्लच घसरतोय हे ठरलं तरी 'प्लेट झिजली' असा अर्थ लगेच काढू नका. तीन गोष्टी आधी बघा.

प्ले, तो वर झालाच.

दुसरी, वायर परत येते का. पेडल दाबून सोडा आणि पायाच्या बोटाने खालून वर उचलून बघा. उचलल्यावर आणखी वर येत असेल तर वायर आत गंजून अडकते आहे. समुद्राकाठच्या गाड्यांत हे फार. गुहागर, दापोलीकडून येणाऱ्या वायरींच्या आवरणात खारं पाणी शिरतं आणि आतली तार तांबूस होऊन फुगते.

तिसरी, तेल. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या सांध्याच्या खाली बोट फिरवा. ओलं लागलं तर वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, एकदा हुंगला की विसरत नाही. इंजिन ऑइल काळं, जळकट आणि पातळ. गिअर ऑइल असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलं. इंजिन ऑइल असेल तर क्रँकचं मागचं सील. मात्र वरून, टॅपेट कव्हरमधून ओघळलेलं तेलही इथेच येऊन टपकतं, तेव्हा आधी वरची बाजू पुसून, दोन दिवस चालवून परत बघा. सील गळत असताना नुसती प्लेट बदलणं म्हणजे पैसे वाशिष्ठी नदीत टाकणं; नवी प्लेटही थोड्या दिवसांत तेल पिते. काही जण फटीतून आत पेट्रोल मारून प्लेट 'धुतात'. तापलेल्या फ्लायव्हीलवर पेट्रोल मारायची कल्पना कुणाच्या डोक्यातून आली देव जाणे. करू नका. प्लेटच्या लायनिंगने, म्हणजे तिच्यावरच्या घासणाऱ्या थराने, एकदा तेल शोषलं की ते निघत नाही.

सुटतोय का?

तक्रार अशी येते : पहिला पडत नाही, रिव्हर्स टाकताना खर्र होतं, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही.

आधी इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना मऊ पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच सुटत नाही. बंद असतानाही अडत असतील तर गिअरची रॉड किंवा बुश बघा, क्लच सोडून द्या. आणि चालत्या गाडीत एकच गिअर, समजा दुसरा, खरखरत असेल आणि बाकीचे छान पडत असतील तर तो गिअरबॉक्सच्या आतला सिंक्रोचा (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्याचा) प्रश्न, त्याचं खातं वेगळं.

मग रिव्हर्सची परीक्षा. रिव्हर्सला या गाड्यांत सिंक्रो नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. गाडी उभी, इंजिन आयडलवर, क्लच तळापर्यंत दाबा, मनात पाच मोजा आणि रिव्हर्स टाका. पाच मोजेपर्यंत आतला शाफ्ट थांबलेला असायला हवा. तरीही खर्र झालं तर प्लेट फ्लायव्हीलबरोबर अजून फिरते आहे. लगोलग दुसरी : सपाट जागेवर पहिला गिअर, क्लच दाबलेला, ब्रेकवर पाय नाही. गाडी पुढे सरकायला लागली तर तेच निदान.

कारणं क्रमाने बघा : मॅट, जादा प्ले, ताणलेली वायर, ऑइलच्या गाडीत हवा किंवा गळती. ही सगळी बाहेरची. आतली म्हणजे वाकलेली प्लेट, शाफ्टच्या खाचांवर गंज, फ्लायव्हीलमधलं छोटं पायलट बेअरिंग जाम.

आमच्याकडे एक खास कारण आहे. मुंबईकर मे महिन्यात गावच्या घरी एक जुनी गाडी ठेवून जातात. जून ते ऑगस्ट ती पत्र्याच्या शेडखाली उभी. गणपतीला येतात, बॅटरी लावतात, इंजिन सुरू होतं, आणि गिअर काही पडत नाही. पेडल एकदम नेहमीसारखं, प्ले बरोबर. झालेलं असतं असं की दमट हवेने फ्लायव्हीलवर गंज धरला आणि प्लेट त्याला चिकटली. बंद गाडीत पहिला गिअर टाकून, क्लच दाबून, चावी मारली की गाडी उडी मारते. ही खूण पक्की.

यासाठी गिअरबॉक्स लगेच उतरवू नका. इंजिन न्यूट्रलमध्ये पूर्ण गरम होऊ द्या, बंद करा. गाडी ढकलून मोकळ्या मैदानात न्या, समोर भिंत, विहीर, पोर, म्हैस काही नको. दुसरा गिअर, क्लच तळापर्यंत दाबलेला, चावी मारा. गाडी चालू लागेल. क्लच दाबूनच ठेवा आणि ॲक्सिलरेटर दाबा-सोडा, दाबा-सोडा, मध्ये ब्रेकचा हलका धक्का. बहुतेक वेळा 'टक' असा आवाज येऊन प्लेट सुटते. नाही सुटली तर मात्र ओढाताण करत बसू नका, लायनिंगचे तुकडे पडतात; मग उतरवावाच लागतो. पुढच्या वर्षी शेजाऱ्याला सांगून ठेवा, पंधरवड्याला गाडी सुरू करून क्लच दहा-वीस वेळा मारायचा. ट्रॅक्टरवाले पेडल लाकडाने दाबून ठेवतात, पण जुन्या वायरच्या गाडीत महिनोन्‌महिने वायर ताणून ठेवायला मला आवडत नाही.

पुराचं पाणी लागलेल्या गाडीचं याहून वाईट. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा बुडालेल्या गाड्यांत वाशिष्ठीचा बारीक गाळ क्लचच्या घरात जाऊन बसला होता. इंजिनाचं, सीटचं, वायरिंगचं लोक करून घेतात, पण क्लचचं घर बंद असतं म्हणून कुणी बघत नाही. बेअरिंगचं ग्रीस धुऊन गेलेलं असतं आणि काही महिन्यांनी ते रातकिड्यासारखं गायला लागतं. चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूर भागातली जुनी गाडी घेत असाल तर क्लचच्या फोर्कचं रबरी बूट बाजूला करून आत टॉर्च मारा. वाळलेला, पिवळट, पापुद्र्यासारखा गाळ दिसला तर क्लचचं काम किमतीत धरूनच बोला.

थरथर

गाडी उचलताना, विशेषतः रिव्हर्समध्ये चढावर घेताना, सगळी गाडी थडथडते. प्लेटला तेल लागलं, प्लेट काचेसारखी गुळगुळीत झाली, फ्लायव्हीलवर तापून निळे डाग पडले, तर असं होतं. पण आधी माउंटिंग. बॉनेट उघडं, मदतनीस आत बसवा, तुम्ही गाडीच्या बाजूला उभे राहा, कधीही समोर नाही. हँडब्रेक ओढलेला, ब्रेक दाबलेला, पहिला गिअर. क्लच हळूहळू, इंजिनाला भार जाणवेपर्यंतच सोडायचा आणि परत दाबायचा. मग तेच रिव्हर्समध्ये. इंजिन थोडं कलणारच. पण उडी मारल्यासारखं उठत असेल, धाडकन परत बसत असेल, तर माउंटिंगचं रबर लोखंडापासून सुटलंय. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही आणि खर्चही त्या मानाने किरकोळ. थरथरीची तक्रार घेऊन आलेल्या गाडीचं हे बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

आवाज

गाडी भिंतीला लागून उभी करा, काच खाली, न्यूट्रल, पंखा-रेडिओ बंद. भिंतीवरून आवाज चांगला परत येतो. आता पेडलच्या जागा बदलत ऐका.

पाय पूर्ण काढलेला असताना घरघर आहे आणि पेडल दाबल्यावर ती थांबते : गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. क्लचचा सेट बदलून हा आवाज जाणार नाही, हे आधीच समजून घ्या, नाहीतर नंतर मिस्त्रीशी भांडण. पेडलला हलका पाय टेकवून प्ले संपताच किर्र सुरू होतं आणि दाबू तसं वाढतं : रिलीज बेअरिंग. अगदी तळाला दाबल्यावरच, गाडी गिअरमध्ये असताना चूंचूं येते : पायलट बेअरिंग. आणि पाय नुसता टेकवल्यावर खुळखुळ बंद होत असेल तर फोर्क किंवा बेअरिंगची क्लिप सैल. ते लगेच धोक्याचं नाही, पण लक्षात ठेवा.

जड पेडल, आणि तुटणारी वायर

पेडल जड झालं की डाव्या गुडघ्याला आधी कळतं. दोन संशयित : वायर आणि प्रेशर प्लेट. गिअरबॉक्सच्या टोकाला वायर सोडा आणि आतली तार हाताने पुढेमागे ओढून बघा. अडत-अडत, खरखरत जात असेल तर वायर बदला. लोण्यासारखी जात असेल तर जडपणा आतला आहे. प्लेट झिजली की स्प्रिंगची बोटं वेगळ्या कोनात येतात आणि पेडल जड होत जातं. जड पेडल आणि शेवटच्या आट्यावर आलेला नट हे दोन्ही एकत्र दिसले तर उतरवायला हरकत नाही.

डॅशबोर्डखाली वाकून पेडलच्या हुकाजवळचं वायरचं टोकही बघा. तिथे एखादी तार सुटून बाहेर आलेली असेल, पेडल दाबताना कधी 'टिक' असं जाणवत असेल, तर वायर आज-उद्या जाणार. आणि जाते ती कुंभार्लीच्या वळणावरच. नवी वायर डिकीत ठेवा, जुन्या गाडीत ती स्टेपनीइतकीच गरजेची.

तुटलीच तर? पेडल एकदम ढिलं होऊन खाली पडतं. गाडी कडेला, इंजिन बंद, इंडिकेटर लावा. घाटात, धुक्यात, गर्दीत गाडी चालवत न्यायचा हट्ट करू नका, टोइंग बोलवा. सपाट, मोकळा रस्ता आणि गॅरेज जवळ असेल तरच : इंजिन बंद असताना पहिला गिअर टाका, पुढचं मोकळं बघा, चावी मारा, गाडी गचके खात सुरू होऊन चालू लागते. वरचा गिअर टाकताना ॲक्सिलरेटर सोडा, गिअर न्यूट्रलला ओढा, क्षणभर थांबा, आणि दुसरा दोन बोटांनी दाबून धरा. वेग जुळला की तो स्वतःहून आत जातो. जोर लावायचा नाही. थांबायचं झालं की आधी न्यूट्रल, मग ब्रेक. आणि थांबलात की परत बंद करून पहिल्यापासून.

ऑइलच्या गाड्या

सुमो-बोलेरोत प्ले फारसा बघायचा नसतो, तो झिजेप्रमाणे आपोआप सांभाळला जातो. इथे बघायचं ऑइल. टाकीतली पातळी खाली गेली असेल तर कुठेतरी गळतंय; नुसतं भरून पुढे जाऊ नका. पेडलच्या वर, जिथे रॉड मास्टर सिलिंडरमध्ये शिरते तिथे बोट घाला : ओलं असेल तर मास्टर. खाली स्लेव्हचं रबरी बूट थोडं उचला : आतून थेंब आले तर स्लेव्ह. बाहेर कुठेच ओलं नाही, पण पेडल दाबून धरल्यावर सिग्नलला हळूहळू गाडी ओढायला लागते, तर मास्टरचं आतलं रबर दाब सोडतंय. दोन-तीन वेळा पंप केल्यावर गिअर नीट पडतो, तर हवा शिरली आहे. ऑइल म्हणजे ब्रेकचंच ऑइल, झाकणावर लिहिलं असेल तेच, डॉट 3 किंवा डॉट 4. इंजिन ऑइल किंवा हाताला लागेल ते तेल टाकलंत तर सगळी रबरं फुगून दोन्ही सिलिंडर जातील. रंगावर सांडलं तर ताबडतोब पाण्याने धुवा, रंग उचलतं.

उतरवलाच, तर

गाडीखाली जाणार असाल तर एक सांगतो. आमच्याकडे जॅक लावून बाजूला जांभ्याचा चिरा ठेवायची पद्धत आहे. जांभा भाराखाली पूर्वसूचना न देता फुटतो, सिमेंटचा ब्लॉकही तसाच. लोखंडी घोड्या वापरा, नाहीतर खाली शिरू नका.

गॅरेजमध्ये गिअरबॉक्स खाली आला की तिथे हजर राहा आणि बघा. प्लेटवर रिव्हेटचं डोकं लायनिंगच्या किती खाली आहे; अर्धा मिलिमीटर उरला की प्लेट संपली, रिव्हेट घासल्याच्या खुणा फ्लायव्हीलवर दिसत असतील तर फ्लायव्हील लेथवर न्यावं लागेल. प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा हाताने हलतात का. प्रेशर प्लेटची बोटं एका पातळीत आहेत का, टोकं झिजून चकचकीत, पातळ झालीत का. बेअरिंग बोटाने फिरवा. खरखर लागली तर संपलं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्रच बदला. नुसती प्लेट बदलून पैसे वाचवणारे सहा महिन्यांत बेअरिंगसाठी परत तीच मजुरी भरतात. सील सुकं दिसलं तरी या वयाच्या गाडीत मी बदलायलाच सांगतो, रबराच्या कड्याची किंमत ती काय. जुने भाग मागून घ्या, खोकी नाही, भाग.

आतली काळी धूळ हवेच्या पाइपाने उडवू देऊ नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते छातीत जातं. ओल्या फडक्याने पुसायचं. शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी पुसट. जास्त लावलं की उडून प्लेटवर. प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते बहुतेक प्लेटींवर लिहिलेलं असतं, उलटी बसली तर क्लच सुटणारच नाही. आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ड्राइव्ह शाफ्ट काढताना गिअर ऑइल सांडतं. गाडी ताब्यात घेताना 'गिअर ऑइल भरलं का' हे विचारा, लेव्हलचा बोल्ट काढून दाखवायला लावा.

नवा सेट बसल्यावर पहिले काहीशे किलोमीटर हाफ क्लचवर घाट चढू नका, माल भरू नका. लायनिंग बसत जातं तसा प्ले बदलतो, म्हणून 500 किलोमीटरच्या आसपास परत पट्टी घेऊन खाली बसा, मोजा, नट लावून घ्या. मग नटाच्या जागेवर वायरच्या आट्याला थोडा रंग लावून ठेवा. पुढच्या वेळी नट त्या खुणेपासून किती आणि कुठल्या बाजूला सरकलाय ते एका नजरेत दिसेल.